साहेब टांकला असतात

जिल्ह्याची कचेरी जिल्ह्यातच असावी, असा काही नियम असलाच तर तो दक्षिण वझिरिस्तानात कुणी वाचलेला दिसत नाही. अफगाण सीमेला चिकटलेला हा पाकिस्तानातला डोंगराळ पश्तून मुलूख. इंग्रजांनी त्याचा कारभार असा बसवला की साहेब, म्हणजे पोलिटिकल एजंट, उन्हाळ्यात वानाला आणि हिवाळ्यात टांकला. वाना साधारण साडेचार हजार फुटांवर, उन्हाळ्यात हवा छान. टांक खाली सपाटीवर, हिवाळ्यात ऊब. अडचण एवढीच की टांक दुसऱ्या जिल्ह्यात आहे. आपलं सरकारही हिवाळ्यात नागपूरला जातं, पण नागपूर निदान महाराष्ट्रात आहे. (विदर्भवाद्यांनी हे वाक्य गाळून वाचावं.)

इंग्रज 1947 साली गेले. साहेबाची हवापालट चालूच राहिली.

आणि हे एकट्या वझिरिस्तानाचं कौतुक नाही. ओरकझई आणि खैबर हेही असेच टोळीमुलूख. ओरकझईचा कारभार हंगूहून चाले, खैबरचा पोलिटिकल एजंट पेशावरात बसे. डोंगर लांबूनच बरे दिसतात, हे प्रशासनाला आपल्या आधी कळलं होतं.

या पोलिटिकल एजंटाकडे काय काय होतं? तोच कलेक्टर, तोच न्यायाधीश, अनुदान वाटणारा तोच आणि नाकाबंदी करणाराही तोच. हातात 1901 सालचं, कर्झनच्या काळातलं फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन. लोकांनी त्याचं वर्णन तीन नकारांत केलं होतं: ना अपील, ना वकील, ना दलील. गुन्हा एकाने करायचा आणि अटक, जप्ती, दंड टोळीतल्या कुणावरही. जिरगा, म्हणजे पंचांची सभा, बसे, पण तिच्यात कोण बसणार हे साहेब ठरवत. बायका, लहान मुलं आणि म्हातारे यांना या सामूहिक जबाबदारीतून वगळायला 2011 साल उजाडलं. तोवर गुन्हा कुणाचाही असो, जामीन म्हणून आजोबा चालत.

लोकशाही मात्र होती, नाही म्हणू नका. मताचा हक्क कुणाला? मलिकांना, म्हणजे टोळ्यांच्या मानकऱ्यांना. मलिक कोण? ज्याला साहेबांनी मलिक मानलं तो. सगळ्या टोळीमुलखात मिळून असे पस्तीसेक हजार मतदार. 1997च्या निवडणुकीत प्रत्येक प्रौढाला मत देता आलं. पुढे या मुलखाचे इस्लामाबादच्या राष्ट्रीय सभेत 12 सदस्य झाले, सिनेटमध्ये 8. ते देशासाठी कायदे करत. घटनेच्या 247व्या कलमामुळे राष्ट्राध्यक्षांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय ते कायदे त्यांच्या स्वतःच्या गावाला लागू होत नसत. आपण केलेला कायदा आपल्याला लागू होऊ नये, हे जगभरच्या आमदार-खासदारांचं स्वप्न. इथे ते घटनेतच लिहिलेलं होतं.

आता माणसं. पश्तून म्हणजे आपल्याकडचे पठाण, आणि आपल्याकडे पठाण म्हटलं की पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर उभा राहिलेला सावकार, नाहीतर सिनेमातला जीव देणारा मित्र. वझिरिस्तानात महसूद आणि अहमदझाई वझीर या मोठ्या टोळ्या, आणि त्यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. वर कानीगुरम नावाचं एक गाव आहे. तिथल्या बुरकी टोळीची घरची भाषा पश्तो नाही, ओरमुरी. सोळाव्या शतकात याच गावच्या बायझीद अन्सारीने ‘खैरुल बयान’ लिहिला. पश्तो गद्यातल्या सर्वात जुन्या ग्रंथांत त्याची गणना होते. बाहेरच्याने येऊन आपली भाषा वाढवली, याचं त्या काळी तरी कुणाला वैषम्य वाटलं नसावं. अकबराला मात्र बायझीदने काढलेल्या पंथाचा त्रास झाला.

सातबारा इथे नव्हता. पोलिटिकल एजंटांच्या काळात जमिनीची मोजणी सरकारने कधी केलीच नाही. त्याऐवजी आहे ‘निकात’: बापजाद्यांनी ठरवलेले हिस्से. महसूदांचे तीन, वझिरांचा एक. महसूदांच्या तिन्हीत अलीझाई, शमनखेल, बहलोलझाई सारखे वाटेकरी. जमीन, अनुदान, नोकऱ्या, दंड, सगळं याच मापाने. आज कोण किती वाढला, कोण किती घटला, याच्याशी हिशेबाचा संबंध नाही. वझीर कुरकुरतात. महसूदांना यात काही चुकीचं दिसत नाही. माझं मत विचाराल तर तीन हिस्सेवाल्याला कुठल्याच मुलखात काही चुकीचं दिसत नाही.

भूगोलही याच शाळेत शिकलेला. मधोमध पीर घल, साडेअकरा हजार फूट. दक्षिणेकडे गोमल नदी. तिच्या खिंडीतून पोविंदे व्यापारी उंट हाकत हिंदुस्थानात उतरत. वानाची सफरचंदं नावाजलेली, वरच्या रानात चिलगोजे. गोमलवर सरकारने या डोंगरात मोठं धरण बांधलं, गोमल झाम. भिंत 133 मीटर उंच, वीज 17.4 मेगावॅट. आणि पाणी? ते कालव्यांनी खाली जातं, टांक आणि डेरा इस्माईल खान जिल्ह्यांच्या शेतांना. पाणी साहेबांच्याच वाटेने उतरलं. धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला हा परिच्छेद समजावून सांगावा लागणार नाही.

ऑक्टोबर 2009 मध्ये तालिबानविरोधात लष्करी मोहीम निघाली आणि महसूदांचा मुलूख रिकामा झाला. माणसं टांक, डेरा इस्माईल खान, कराचीला गेली. पहिल्यांदाच प्रजा आणि साहेब एका गावात राहायला आले. परतायला कितीकांना सहा-सात वर्षं लागली. परतल्यावर भरपाईचा दर ठरलेला: घर पूर्ण पडलं असेल तर 4 लाख पाकिस्तानी रुपये, अर्धवट पडलं असेल तर 1 लाख 60 हजार. म्हणजे निम्मी भिंत उभी राहिली की 2 लाख 40 हजारांचं नुकसान. शिवाय शेतात पेरलेले सुरुंग. त्यांच्यावर पाय पडून माणसं आणि पोरं मेली, लंगडी झाली. 2018च्या जानेवारीत नकीबुल्ला महसूद हा वझिरिस्तानी तरुण कराचीत पोलिसांच्या बनावट चकमकीत मारला गेला, तेव्हा हे सगळं रस्त्यावर आलं. सुरुंग काढा, बेपत्ता माणसं दाखवा, ही त्यातून पुढे आलेल्या पश्तून तहफ्फुज मूव्हमेंट या संघटनेची मागणी. ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारने निकाल लावला. संघटनेवरच बंदी.

त्याआधी मे 2018 मध्ये पंचविसावी घटनादुरुस्ती झाली होती. टोळीमुलूख खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन, कर्झनचा कायदा रद्द. पोलिटिकल एजंटाच्या दारावर ‘उपायुक्त’ अशी पाटी लागली. त्याच वेळी एक हंगामी नियमावली आली आणि उपायुक्ताला जिरगा नेमायचा जुना अधिकार परत मिळाला; पेशावर उच्च न्यायालयाने ती काही महिन्यांत मोडीत काढली. राष्ट्रीय तिजोरीतला 3 टक्के वाटा देऊ, असंही वचन होतं. प्रांतांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या वाट्यातून कापायची वेळ आली तेव्हा काहींना हिशेब आठवला. मोबाइलवर इंटरनेट सुरू होतंय, हे सांगायला जानेवारी 2021 मध्ये खुद्द पंतप्रधान इम्रान खान वानाला आले.

2019 साली न्यायालयं मिळाली. शंभर वर्षं अपील नव्हतं, वकील नव्हता, आता सत्र न्यायाधीश नेमले गेले. दक्षिण वझिरिस्तानचं न्यायालय सुरू झालं टांकला. डोंगरातून उतरायचं, दुसऱ्या जिल्ह्यात जायचं, तारीख घ्यायची, परत चढायचं. ना अपील, ना वकील हे ठीक होतं. बसभाडं तरी वाचत होतं.

2022 मध्ये जिल्ह्याचे दोन तुकडे केले. महसूदांचा वरचा, वझिरांचा खालचा. कारभार लोकांच्या दारी आणायचा, हे कारण. खालच्याचं ठाणं वाना. वरच्याच्या कितीतरी कचेऱ्या मात्र टांकमध्येच राहिल्या. आता दोन जिल्हे झाले, दोन उपायुक्त झाले. राष्ट्रीय सभेतला सदस्य तेवढा दोघांत मिळून एकच, मतदारसंघ क्रमांक 42. तो इस्लामाबादला बसतो. जिल्ह्याबाहेर बसायचा कायदेशीर अधिकार असलेला तो एकटाच.