तणाचे वारसदार

मोहम्मद बिन झायद सिटीत पाणी दिलं नाही तर काहीच उगवत नाही, आणि पाणी दिलं तर तण उगवतं. हे लांबलचक नाव इथं फक्त भाडेकरारावर लिहितात, तोंडानं सगळे एमबीझेडच म्हणतात. अबू धाबीचं बेट ओलांडून मुख्य भूमीवर यायचं, मुसफ्फाच्या कारखान्यांच्या शेजारी ही व्हिलांची वस्ती लागते. त्यातल्या एका व्हिलाच्या तळमजल्याचा तुकडा आम्ही भाड्यानं घेतला आणि त्याच्यासोबत अंगणही आलं.

"वाळवंटात कसलं आलंय तण?" असं पुण्याचे नातेवाईक विचारतात. त्यांचं बरोबर आहे. इथं तण आपोआप फारसं येत नाही, ते विकत आणावं लागतं. जमीन खारट, म्हणून आधी नर्सरीतून 'स्वीट सॉइल'ची पोती आणायची. ही मुळात वाळूच, फक्त बिनमिठाची. तिच्यात कस नाही म्हणून शेणखताची पोती. मग वाफा रिकामा दिसतो म्हणून मीना बंदराजवळच्या रोपबाजारातून कुंड्या. खत पुरतं कुजलेलं नसेल तर त्यात तणाचं बी जिवंत असतं, आणि कुंडीच्या तळाशी लव्हाळ्याच्या गाठी लपून बसलेल्या असतात. म्हणजे एमबीझेडमधलं तण दिरहम मोजून, गाडीच्या डिकीतून, एसी लावून घरी आणलेलं असतं. लोक याला बागकाम म्हणतात.

तणाचा बंदोबस्त इथं सोपा असायला हवा होता. पाऊस जवळजवळ नाही, त्यामुळे पाण्याचा नळ आपल्या हातात. ठिबकची नळी झाडाच्या बुंध्याशी लावली की बाकीची जमीन कोरडीठाक राहते आणि कोरड्या जमिनीत बी हूं की चूं करत नाही. उरलं ते ठिबकच्या तोंडाशी, तळहाताएवढ्या ओल्या चकतीत. आमच्या अंगणातलं सगळं तण त्या चकतीतच राहतं. शहरात मोक्याची जागा कुठं असते ते त्याला कळतं.

या चकतीवर उपाय म्हणजे आच्छादन. ओल्या पुठ्ठ्याचे तुकडे एकमेकांवर चढवून पसरायचे, त्यावर खजुराच्या झावळ्यांचा सात-आठ सेंटिमीटर भुगा. उजेड मिळाला नाही की बारीक बी उगवत नाही, उगवलं तरी वर येईतो दमतं. पुठ्ठाही पुढं कुजून मातीत जातो. उपाय फुकटचा आणि उत्तम आहे, पण आखातातल्या मराठी घरात पुठ्ठा मागणं सोपं नाही. पलंगाखाली टीव्हीचा, माळ्यावर मिक्सरचा, दाराआड व्हॅक्यूम क्लीनरचा खोका जपून ठेवलेला असतो. "उद्या नोकरी गेली तर सामान कशात भरणार?" बायकोनं विचारलं. टोमॅटोच्या चार रोपांसाठी मी कुटुंबाचं भवितव्य धोक्यात घालतोय, असा एकूण सूर होता. शेवटी किराणा दुकानाच्या मागून केळ्यांचे खोके आणले.

दुसरा उपाय उन्हाचा. वाफा चांगला भिजवायचा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे तिकडं बघायचं नाही. वरच्या थरातलं बहुतेक बी वाफेनं शिजून मरतं. पारा 45 अंशांच्या पुढं गेलेला असतो, ऊन फुकट असतं, आणि शाळांना सुट्टी म्हणून आपण गावी असतो. घरातलं कुणीही न राबता होणारं शेतीतलं हे एकमेव काम असावं. काही जण मिठाचं पाणी ओतायला सांगतात. ज्या जमिनीचं मीठ चुकवायला मी पोती वाहिली, तिथं पुन्हा मीठ ओतायचं?

लव्हाळ्यावर मात्र यातलं काही चालत नाही. त्याच्या गाठी खोलवर, दोऱ्यासारख्या मुळांनी एकमेकींना जोडलेल्या. वरची पाती उपटली की खालची निवांत झोपलेली गाठ जागी होते. कोंब असा अणकुचीदार की काळ्या प्लास्टिकलाही भोक पाडून वर येतो. तुकोबांनी या लव्हाळ्याच्या लीनतेचं कौतुक केलंय, पण त्यांच्यासमोर नदीचा पूर होता, माझ्यासमोर कोथिंबिरीचा वाफा होता. पाती पुन्हा पुन्हा, नेटानं काढत राहिलं की गाठींची शिदोरी संपते, हा त्यावरचा खरा उतारा. बहुधा आधी संपतो तो नेट.

पण हे सगळं परवडलं. खरी अडचण माणसांची आहे.

लेरॉय होल्म आणि सहकाऱ्यांचं 'द वर्ल्ड्स वर्स्ट वीड्स' हे 1977 सालचं जाडजूड पुस्तक तणविज्ञानात फार मानलं जातं. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांची त्यात क्रमवारी आहे. पहिला नंबर लव्हाळ्याचा, म्हणजे नागरमोथ्याचा. दुसरा हरळीचा. पाचव्या नंबरवर नाचणीच्या भावकीतलं एक गवत. नववी घोळ, दहावा चाकवत. ही यादी मी घरात मोठ्यानं वाचून दाखवली. ऐकणाऱ्यांना ती बाजारहाटाची यादी वाटली.

"नागरमोथा? उटण्यात असतो तो. दिवाळीला इथं मिळत नाही म्हणून मी पुण्याहून मागवते," बायको म्हणाली. "आणि हरळीला तर हात लावायचा नाही."

हरळी म्हणजे दूर्वा. भाद्रपदात इथल्या दुकानातली दूर्वांची जुडी विमानप्रवासानं आधीच मान टाकून आलेली असते. आमच्या अंगणात मात्र जगातलं दोन नंबरचं तण टवटवीत, तीन पात्यांचं, कोवळं, एकवीसच्या हिशेबात तयार. गणपती आले की आसपासच्या मराठी घरांतून फोन येतात. मी खुरपं घेऊन उभा असतो आणि बायको फोनवर सांगत असते, "हो हो, भरपूर आहेत, कधीही या." हरळीचा प्रत्येक तुटका पेर नवं रोप होतो, त्यामुळे भक्तांच्या खुडण्यानं ती आणखी दाट होते.

वरच्या मजल्यावर केरळचं कुटुंब आहे. त्यांच्याकडेही हरळीला मान, दशपुष्पांत, म्हणजे दहा पवित्र वनस्पतींत, तिची गणती. त्यांचा कर्किटक महिना लागला की त्या घरातल्या ताई हरळीसाठी जिन्यातूनच आवाज देतात.

2019 साल अमिरातीनं सहिष्णुता वर्ष म्हणून पाळलं आणि बोधचिन्ह म्हणून घाफचं झाड निवडलं, म्हणजे आपली शमीच. आमच्या अंगणात ते वर्ष अजून चालू आहे.

हिवाळ्यात आई आली. कोरेगाव तालुक्यात तिनं आयुष्यभर भांगलण केलेली, त्यामुळे मला वाटलं, आता आपल्या बाजूचं माणूस आलं. तण खाई धन, हे तर तिनंच मला शिकवलेलं. पहिल्याच सकाळी मी घोळीचा ढीग पिशवीत भरत होतो. घोळ उपटून तिथंच टाकली तर ती पडल्या जागी मूळ धरते, अर्धवट फळातलं बीही पिकवते, म्हणून पिशवीत बांधायची, हे मी तिला समजावत होतो.

"आरं, घोळ हाय ती! टाकतूस कुठं?"

"आई, जगातलं नऊ नंबरचं तण आहे."

"नंबरात आलीय न्हवं? मग डाळ घालून करती."

दुपारी डाळ घातलेली घोळ झाली. फर्मास झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. ही घोळ सुपरमार्केटात बक्ले या नावानं जुड्या बांधून विकतात, अरब मंडळी फत्तूशमध्ये घालतात, हे आईला दाखवल्यावर ती किंमत बघून दोन मिनिटं गप्प झाली. दुसऱ्या दिवशीपासून ती घोळीला पाणी घालू लागली. पुढं शेणखतातून चाकवत उगवला. त्याला हात लावायच्या आधीच घरात ताक घुसळलं गेलं होतं.

तिला मी कोल्हापूरच्या प्र. र. चिपळूणकरांबद्दल सांगितलं. या शेतकऱ्यानं नांगरट सोडली, तण जागेवरच कुजवून जमिनीचा कस वाढवला आणि जुनी म्हण फिरवून 'तण देई धन' असं मांडलं. मला वाटलं, निदान कुजवण्यावर तरी एकमत होईल. "शाना माणूस," आई म्हणाली, "पर घोळ कुजवाय लागत न्हाई."

शुक्रवारी बांगलादेशी माळी सायकलवरून आला. बायको माघी गणपतीच्या दूर्वांशी उभी, आई घोळ आणि चाकवताच्या मधे पाट टाकून बसलेली, वरून ताईंचं लक्ष.

"साब, आज क्या निकालना है?"

मी वाफ्यावरून नजर फिरवली. लव्हाळा उटण्याला राखलेला. हरळी दोन राज्यांची. घोळ रात्रीच्या जेवणाची, चाकवत उद्याचा. कुणीच हक्क न सांगितलेलं एक रोप कोपऱ्यात उभं होतं. हिवाळ्यात अबू धाबीच्या रस्त्यांच्या कडेनं लावतात तसला जांभळा पिटुनिया, मी स्वतः निवडून आणलेला.

"ये खाते हैं क्या?" माळ्यानं विचारलं.

"नहीं."

"पूजा में?"

"नहीं."

"माफी मुश्किल," म्हणजे 'काही अडचण नाही' म्हणत त्यानं तो मुळासकट उपटला आणि त्या जागी आईनं खिशातून मेथीचं बी काढलं.