वरीलपैकी सर्व

बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेत ‘नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड’चे प्रश्न काढणाऱ्या अज्ञात महोदय किंवा महोदया यांस,

सा. न. वि. वि.

मी पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर वॉर्ड क्लार्क आहे. नर्स नाही. हे आधीच सांगते, कारण दिवसभर मला तेच सांगत बसावं लागतं. नातेवाईक काम असलं की मला ‘सिस्टर’ म्हणतात, काम झालं नाही की ‘ओ मॅडम’, आणि बिल हातात पडलं की नुसतंच ‘ओ’.

आपला पेपर 100 प्रश्नांचा, वेळ 90 मिनिटं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी यांचे वीस-वीस आणि तुमचे वीस. म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. फार होतात हो. तेवढ्यात आमच्या काउंटरवर इंटरकॉम दोनदा वाजतो, लॅबचा पोरगा सॅम्पलवर लेबल नाही म्हणून परत येतो, मामा स्ट्रेचर ढकलत ‘सोनोग्राफीला कोण?’ विचारतात आणि बारा नंबरच्या काकूंना गरम पाणी हवं असतं. इथेही पर्याय चारच, पण चारही एकदम सोडवायचे.

माझ्या सरावाच्या पुस्तकात तुमच्या वळणाचा एक प्रश्न आहे. रुग्णाचा नातेवाईक चिडला आहे, तुम्ही काय कराल? ओरडाल, दुर्लक्ष कराल, शांतपणे ऐकून घ्याल की पोलिसांना बोलवाल? मी तिसरा पर्याय लिहिला, गुण मिळाला. पण तो बिचारा चिडलाय कशाने, हे तुम्ही विचारतच नाही. नऊच्या राउंडला डॉक्टर ‘आज घरी’ म्हणाले. साडेनऊला त्याने रिक्षा आणून दारात उभी केली. इकडे डिस्चार्ज समरी टाइप व्हायची, ती डॉक्टरांनी तपासायची, उरलेली औषधं फार्मसीत परत जायची, बिल बंद व्हायचं आणि मग कागद विमावाल्यांकडे. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीने अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. मात्र हे तीन तास आमचा कागद तिकडे पोचल्यापासून, रिक्षा आल्यापासून नव्हे. एवढं समजावून सांगण्याचा पाचवा पर्याय छापलात तर उपकार होतील. मी रोज तोच निवडते.

परिचारिकेचा सर्वांत महत्त्वाचा गुण कोणता, असंही तुम्ही विचारता. करुणा, संयम, स्वच्छता, वरीलपैकी सर्व. आमच्या इन्चार्ज सिस्टर कोट्टायमच्या आहेत, मराठी रागावण्यापुरतं अस्खलित. त्यांच्याकडे पाहून मला वाटतं, कुणाला थांबवून ठेवलं तर चालेल हे धावता धावता ठरवता येणं, हा खरा गुण. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स, इतरत्र पाचांमागे एक. रात्रपाळीचा तक्ता मीच टाइप करते, त्यामुळे आमच्या मजल्याचा भागाकार मला येतो. तो मात्र पेपरात विचारू नका. खरं उत्तर तुमच्या चार पर्यायांत मावायचं नाही.

मला भाषाही येते. एनबीएम, एसओएस, स्टॅट, सगळं वाचते, सगळं कळतं. सात नंबरचे आजोबा पहाटेपासून पाणी मागत होते. ऑपरेशनच्या आधी तोंडाने काही द्यायचं नाही, हे फाइलवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं. तरी ते का, कधीपर्यंत, हे सांगणं माझं काम नव्हे. मी म्हणायचं, “सिस्टरना विचारून सांगते, आजोबा.” मी पाच वेळा म्हणाले. ते वाक्य पुन्हा म्हणावं लागू नये म्हणून वयाच्या तेविसाव्या वर्षी मी भिंगाचं सूत्र पाठ करते आहे. भिंगाचा आणि आजोबांचा संबंध तुम्हालाच ठाऊक.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल मात्र जरूर विचारा. जन्म 12 मे 1820, पाठ आहे. तुमच्या पर्यायांत बाईंच्या हाती कायम दिवा. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगांनी जास्त सैनिक गेले, हे त्यांनी मृत्यूंच्या नोंदी घेऊन 1858 मध्ये रंगीत आकृतीने दाखवलं, ते कुणी विचारत नाही. म्हणजे निम्म्या बाई आमच्याच खात्यातल्या, रजिस्टरवाल्या.

यंदाच्या 12 मेला सगळ्या सिस्टर मेणबत्त्या धरून शपथ घेत होत्या. कॉरिडॉरवर लक्ष ठेवायला मी. तेवढ्यात चौदा नंबरचा पंप ओरडू लागला. त्याला हात लावायचा मला अधिकार नाही, आणि नसावाच. मी शपथेच्या मधोमध घुसून सांगितलं. एका सिस्टरने जळती मेणबत्ती माझ्या हातात कोंबली आणि त्या धावल्या. उरलेली अर्धी शपथ मीच घेतली. ती प्रवेशाच्या वेळी धरतात का, ते कळवावं.

आपली,
काउंटरवरची

ता. क. सोडवलेला सराव पेपर पाच नंबरच्या फाइलखाली ठेवला होता. डिस्चार्जच्या घाईत तो फाइलबरोबर रेकॉर्ड रूमला गेला. परत मागितला, तर रुग्ण क्रमांक विचारतात.