चावीचं केवायसी राहिलं

माझ्या गाडीने मला चोर ठरवलं आहे. पुरावा काय, तर नवंकोरं कुलूप आणि त्याची नवीकोरी चावी.

जुनी चावी तेरा वर्षांत झिजून बोळकी झाली होती. स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलवत, कुलदैवताचं नाव घेत फिरवली तर फिरायची. शेवटी मिस्त्रीला बोलावलं. त्याने पार्किंगमध्येच इग्निशनचं कुलूप बदललं, चावी दोन बोटांनी फिरवून दाखवली, पैसे खिशात घातले आणि निघता निघता म्हणाला, "साहेब, मारा सेल्फ."

मारला. इंजिन चालू झालं, दोन सेकंद चाललं आणि गप्प. पुन्हा मारला, पुन्हा दोनच सेकंद. तोवर मिस्त्री कोपऱ्यावरून वळलाही होता.

बंद गाडी आणि आजारी माणूस, दोघांभोवती सल्लागार आपोआप जमतात. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, बॅटरी. दुसरे म्हणाले, प्लगमध्ये कचरा. तिसऱ्याने विचारलं, "पेट्रोल आहे ना?" चौथ्याने कुणाचंच न ऐकता फर्मावलं, "दुसरा गिअर टाका, धक्का देऊ." दिला. आधी बंद गाडी पार्किंगमध्ये होती, आता ती गेटमध्ये आडवी झाली.

खरं तर गाडी आपलं दुखणं स्वतःच सांगत होती. सेल्फचा आवाजच नाही, तर बॅटरी बघावी, कुलपामागचा कपलर नीट बसलाय का बघावं, क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न घेणारी गाडी असेल तर पाय कुठे आहे तेही बघावं. पण सेल्फ जोरात फिरतोय, इंजिन पकडतंय, दोन सेकंदांत मरतंय आणि डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकतंय, तर धक्के देऊन उपयोग नाही. तो इमोबिलायझर.

चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक इवलीशी चिप असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. कुलपाभोवती तारेचं कडं असतं, ते तिला लांबूनच वीज पुरवतं. मग ती आपली ओळख सांगते आणि गाडीचा कॉम्प्युटर आपल्या वहीत ती शोधतो. सापडली नाही की इंजिनाचं दाणापाणी बंद. मिस्त्रीने कुलूप बदललं, वहीत नोंद कोण करणार? चावीचे दात जुळले, आधार जुळला नाही.

गाड्या पूर्वी इतक्या संशयी नव्हत्या. १९१२ साली कॅडिलॅकने विजेचा सेल्फ आणला, त्याआधी पुढे उभं राहून हँडल मारावं लागे. तेव्हा गाडी एवढंच तपासायची, की तुमच्या दंडात जोर आहे का. १९४९ साली क्रायस्लरने चावी फिरवून गाडी चालू करायची सोय दिली. १९८६च्या कॉर्व्हेटच्या चावीत छोटा रेझिस्टर आला. त्याचे प्रकार पंधरा. म्हणजे चोराने पंधरा चाव्यांचा जुडगा बाळगावा, एवढीच अट. पुढे १९९८पासून जर्मनीने नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा केला आणि संशयाला कायद्याचं बळ मिळालं.

संशय वायाही गेला नाही, हे मान्य. अमेरिकेत २०१५च्या मॉडेलांपैकी ह्युंदाई-कियाच्या फक्त २६ टक्के मॉडेलांत इमोबिलायझर मुळातच बसवलेला होता, इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलांत. मग तिथल्या पोरांनी कुलूप उचकटून यूएसबीच्या टोकाने गाड्या पळवल्या. तिकडे चोराला मोबाइल चार्जरची वायर पुरली. इकडे मालकाला बिलासकट चावी पुरेना.

गाडी सर्व्हिस सेंटरला पोचली. कशी, ते शेवटी सांगतो. काउंटरवर आरसी मागितली, आधारची झेरॉक्स मागितली, "नवी चावी कोड करून द्यावी" असा सहीचा अर्ज मागितला. वर प्रश्न, "गाडी तुमच्याच नावावर आहे ना?" तेरा वर्षं जिचे हप्ते, विमा आणि पंक्चर मी भरले, तिच्याबद्दल हा प्रश्न.

मागून एक पोरगा तेलकट हात पुसत आला. "काका, जुनी चावी आहे का?" होती, खिशातच होती. त्याने तिचं डोकं नव्या कुलपाच्या कड्याला टेकवून धरलं आणि नवी चावी फिरवली. गाडी चालू झाली आणि चालूच राहिली. चिप जुन्या चावीतच बसून होती! आता एक तर नव्या चिपची नोंद करायची, नाहीतर जुनीच चिप काढून नव्या चावीत घालायची. हा तीन सेकंदांचा प्रयोग पार्किंगमध्येच झाला असता, पण सल्लागार चार होते आणि जुन्या चावीबद्दल विचारणारा एकही नव्हता.

आता गाडी तिथे पोचली कशी ते. फोन केला, एक अनोळखी माणूस टो व्हॅन घेऊन आला. त्याने पुढची चाकं उचलली, साखळी लावली आणि माझी गाडी घेऊन निघाला. ना गाडीने हूं केलं, ना चिपने. वॉचमनने त्याचं नावही विचारलं नाही. उलट शिटी वाजवून त्याला रस्ता मोकळा करून दिला.