हरूनही जिंकणारे

घोड्यांच्या शर्यतीत सतत हरून कुणी श्रीमंत झालाय का? झालाय. अट एकच. तो साधा पंटर असता कामा नये.

अमेरिकेतल्या रेसकोर्सवर तुमची पैज घोड्याविरुद्ध नसते आणि क्लबाविरुद्धही नसते. ती शेजारच्या खिडकीवर तिकीट काढणाऱ्या माणसाविरुद्ध असते. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये पडतात, क्लब त्यातून आपला वाटा कापतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतो. आपल्या महालक्ष्मी रेसकोर्सवरचा टोट याच जातकुळीचा. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या जोसेफ ऑलरनं काढली. याच गृहस्थानं १८८९ मध्ये भागीदारीत 'मूलां रूज' उघडलं. माणूस पैसे कुठे उधळतो याचा अभ्यास दांडगा!

हिशेबाचं यंत्र आलं १९१३ मध्ये, न्यूझीलंडच्या ऑकलंडमधल्या एलर्स्ली रेसकोर्सवर. जॉर्ज ज्युलियस या इंजिनिअरनं ते आधी मतमोजणीसाठी योजलं होतं. सरकारनं नको म्हटलं, घोडेवाल्यांनी उचललं. मतदारापेक्षा पंटरचा हिशेब चोख हवा, हे तेव्हाच ठरलं.

मग हा चोख हिशेब बिघडला कुठे?

क्लबाच्या कपातीपासून सुरुवात करू. पहिला येणारा घोडा ओळखायच्या साध्या 'विन'वर शेकडा पंधरा ते अठरा. तीन घोडे क्रमानं ओळखा, सहा शर्यतींचे विजेते सांगा, अशा लांबलचक पैजांवर शेकडा वीस-पंचवीस. तिकडच्या कॅसिनोतलं रूलेटचं चाक सव्वापाच टक्क्यांत समाधान मानतं. घोड्याला हरभरा लागतो, चाकाला लागत नाही, असं क्लबवाले म्हणतात. मान्य.

पण हरभरा न घालता कपात खाणारे निघाले, त्याचं काय?

१९७८ च्या एका कायद्यानं एका राज्यातल्या शर्यतीवर दुसऱ्या राज्यात बसून पैज लावणं कायदेशीर झालं. पुढे क्लब आपल्या शर्यतींचं प्रक्षेपणच विकू लागले. ज्यानं ते घेतलं, त्यानं आपल्याकडे पैजा घ्याव्यात, त्या मूळ पूलमध्ये टाकाव्यात आणि क्लबाला फी द्यावी. सुरुवातीच्या काळात ही फी शेकडा तीनच्या आसपास होती. म्हणजे शंभराच्या पैजेवर वीस कापले, तीन क्लबाला दिले, सतरा खिशात. ना मैदान, ना तबेला, ना लीद.

असं दुकान कुठे थाटायचं? कॅरिबियन समुद्रात बेटांना काय तोटा! कुरासाओ, सेंट किट्स. कर हलका, समुद्र निळा, चौकशी कमी.

आता दुकानदारानं डोकं चालवलं. सतरापैकी दहा बड्या गिऱ्हाइकाला परत द्यायचे. जिंको वा हरो, शंभराच्या पैजेवर दहा परत. याला म्हणायचं रिबेट. सात दुकानाला उरतात, गिऱ्हाईक खूश, क्लबाचं मैदान मात्र रिकामं. पुढे क्लबांनी फी वाढवली, तरी वाटून खायला पुरेसं उरतंच. उरत नसतं तर दुकानं कधीच बंद झाली असती.

यात कुणाचं काय गेलं, असं वाटतंय? थांबा.

बडं गिऱ्हाईक म्हणजे सिगार ओढणारा शेठ नव्हे. ते म्हणजे गणिती, प्रोग्रॅमर, जुन्या निकालांचा ढीग आणि सेकंदागणिक पैजा सोडणारा संगणक. अमेरिकेतल्या एकूण पैजांपैकी साधारण तिसरा हिस्सा आज या मंडळींचा मानला जातो. हा संगणक शंभर लावतो आणि समजा ब्याण्णव परत मिळवतो. आठचा तोटा. वर रिबेटचे दहा. झाला दोनचा नफा! पैज हरला, धंदा जिंकला. आणि ज्याची उलाढाल कोटींत, त्याचे दोन टक्के म्हणजे किती, हे तुम्हीच बघा.

आता पूलमध्ये उरलेल्यांचा हिशेब. एकूण तीनशे जमले. वीस टक्के कापून वाटायला राहिले दोनशे चाळीस. संगणकानं ब्याण्णव उचलले. उरले एकशे अठ्ठेचाळीस आणि ते वाटायचे दोनशे लावणाऱ्यांत. म्हणजे शंभराला चौऱ्याहत्तर. पाटीवर कपात वीस टक्के, तुमच्या खिशातून सव्वीस!

ही जास्तीची सहा टक्के कपात कुठल्या नियमात छापलेली नाही. कारण ती कुणी कापतच नाही. ती आपोआप होते.

भिशीत दहाजणांपैकी एकाला गुपचूप हप्ता कमी केला, तर बाकीचे नऊजण दुसऱ्या दिवशी भिशी चालवणाऱ्या बाईंच्या दारात उभे राहतील. रेसकोर्सवरच्या नऊजणांना बाईंचा पत्ताच ठाऊक नाही.

पत्ता सांगतो. कुरासाओच्या दुकानाचं नाव एलिट टर्फ क्लब. त्याची बहुतांश मालकी स्ट्रॉनाक ग्रुपची. कॅलिफोर्नियातलं सांता अनिता आणि फ्लोरिडातलं गल्फस्ट्रीम पार्क ज्यांच्या ताब्यात, तेच हे. न्यू यॉर्कच्या रेसिंग असोसिएशनचाही त्यात छोटा हिस्सा. सुरुवातीला क्लबवाले या दुकानांच्या नावानं बोटं मोडत होते. मग त्यांना उपाय सापडला. दुकानच आपलं करायचं.

चोराच्या हाती किल्ल्या द्यायच्या, तर भागीदारीचा कागद तरी करून घ्यावा ना!

साध्या पंटरला हे टक्केवारीचं गणित दिसत नाही. त्याला दिसतो भाव. पाचचा भाव बघून तो तिकीट काढतो, गेट उघडतं, घोडे पहिलं वळण घेतात आणि फलकावर भाव झालेला असतो अडीच. संगणकानं शेवटच्या काही सेकंदांत पैसा ओतलेला असतो आणि टोटचा फलक तो उशिरा दाखवतो. शर्यत सुरू झाल्यावर कुणी पैज लावली का? नाही, क्लब शपथेवर सांगतो. पंटर मान डोलावतो आणि विश्वास ठेवत नाही.

त्याचं चुकतं असंही नाही. २००२ च्या ब्रीडर्स कपला टोट कंपनीतल्याच एका प्रोग्रॅमरनं सहापैकी चार शर्यती संपल्यावर मित्राचं तिकीट बदललं होतं. तीस लाख डॉलरहून मोठं घबाड होतं. तो आणि त्याचे मित्र तुरुंगात गेले. रिबेटसाठी तुरुंगात जाण्याची सोय नाही, कारण रिबेट कायदेशीर आहे.

बड्यांशिवाय पूल आटतील, बक्षिसं आटतील, घोडे उपाशी मरतील, हा क्लबांचा युक्तिवाद. बघू तर खरं. २००३ मध्ये अमेरिकेत शर्यतींवर लागलेल्या पैजा पंधरा अब्ज डॉलरच्या वर होत्या. २०२४ मध्ये सव्वाअकरा अब्ज. मधल्या दोन दशकांची महागाई यात धरलेलीच नाही. बडे आले, फुगले आणि पूल तरीही आटला. गेलं कोण? ज्याला शंभराला चौऱ्याहत्तर मिळत होते, तो.

तो पूर्ण संपला की संगणक कुणाला खाणार? दुसऱ्या संगणकाला?

हाँगकाँगनं जरा वेगळं केलं. तिथलं गिऱ्हाईक सूट देणाऱ्या बेकायदा बुकींकडे पळत होतं. २००६ मध्ये सरकारनं उलाढालीवरचा कर काढून क्लबाच्या उत्पन्नावर लावला आणि जॉकी क्लबनं उघड जाहीर केलं की दहा हजार हाँगकाँग डॉलरची किंवा त्याहून मोठी पैज हरलात, तर दहा टक्के परत. नियम सगळ्यांना सारखा. फक्त हरायला एका वेळी दहा हजार हवेत. तेवढी समानता पुरे.

आणि संगणकवाल्यांनी कमावलेला पैसा जातो कुठे? ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला २०११ मध्ये एक भव्य कलासंग्रहालय उघडलं, मोना नावाचं. उभारणारा डेव्हिड वॉल्श, गणिताच्या जोरावर पैजांतून गब्बर झालेला. जगभरच्या पंटरांनी अजाणता केलेलं एवढं मोठं दान दुसरं नसेल. देणगीदारांच्या पाटीवर त्यांचं नाव तेवढं नाही.

महालक्ष्मीच्या आणि पुण्याच्या पंटरांना हे सगळं परकं वाटेल. इथे रिबेट नाही, संगणकांची टोळीही ऐकिवात नाही. गरजच काय? सरकार आहे ना! सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. जीएसटीवाल्यांनी तो कॅसिनोच्या रांगेत बसवला. पैजेच्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के होते, सप्टेंबर २०२५ पासून चाळीस. जिंकलात तर तीस टक्के आयकर वेगळा.

मग पंटर काय करतो? जो बुकी पावती देत नाही, जीएसटी घेत नाही आणि टीडीएस कापत नाही, त्याला फोन लावतो. अमेरिकेला सूट द्यायला कुरासाओ गाठावं लागलं. आपल्याकडे गल्ली पुरते.

परत न्यू यॉर्क. तिथल्या असोसिएशनला २०२१ मध्ये उपरती झाली. शेवटच्या दोन मिनिटांत संगणकवाल्यांना 'विन' पूल बंद. टाळ्या! पण का बंद? ते पूलमध्ये असल्यानं कुणाचंच काही बिघडत नाही, असं तर इतकी वर्षं सांगत होतात. आणि तेव्हा बंदी 'विन'मध्येच का? कारण भाव तिथेच सगळ्यांना दिसतो. लांबलचक पैजांत कपात मोठी, रिबेट मोठा आणि फलकावर दिसत काहीच नाही.

सोपा उपाय पंटर कधीचे सांगताहेत. कपातच कमी करा, म्हणजे रिबेट सगळ्यांना मिळेल. क्लबांचं उत्तर ठरलेलं, परवडत नाही. एका संगणकाला शंभरामागे दहा परत करणं मात्र वीसेक वर्षं बिनतक्रार परवडतंय.