कोपऱ्यावरच्यांचा फिशटँक

अहो वहिनी, ते कपडे राहू देत घटकाभर, या उन्हात अर्ध्या तासात वाळतील. आधी इकडे भिंतीपाशी या. कोपऱ्यावरच्यांकडचं काही कानावर आलं का? नाही हो, भाऊबंदकी नाही. वादावादी झाली खरी, पण माशांवरून.

त्यांची विहीण आलीय नागपूरहून, ठाऊक आहे ना? नातवाची मुंज. नवतपा लागलेला, कूलरसुद्धा गरम हवा फेकतोय, अशात मुंज धरायचं कुणाला सुचलं देव जाणे. तर विहीणबाई येणार म्हणून घर चकाचक करायला काढलं. पडदे झाले, पंखे झाले, मग सूनबाईंची नजर गेली दिवाणखान्यातल्या फिशटँककडे. काचेवर हिरवट थर, खड्यांत गाळ. आईला हे काय दाखवायचं? शनिवारी नवरा-बायको पदर खोचून, बाह्या सरसावून बसले. मासे बादलीत, पाणी सगळं मोरीत. खडे नळाखाली चोळचोळून धुतले. आणि फिल्टरमध्ये तो काळा स्पंज असतो ना, त्याला भांड्यांचा साबण लावून अगदी नवाकोरा केला.

एवढ्यावर भागलं नाही. सजावट नको का? मागे भेडाघाटला गेले होते, तेव्हा मूर्ती घडवणाऱ्यांकडून संगमरवराच्या कपच्या पिशवी भरून आणल्या होत्या. त्या तळाला पसरल्या, वर एक छोटंसं देऊळ, मागे निळा दिवा, आणि नळाचं ताजं पाणी काठोकाठ. रात्री फोटो काढून सगळ्यांना पाठवला, मलाही आला. खोटं कशाला बोलू, दिसत होतं सुरेख.

रविवारी सकाळी पाणी पांढुरकं. सोमवारी विहीणबाई दारात आल्या तेव्हा पार ताकासारखं! मासे कुठे आहेत तेच दिसेना. विहीणबाईंनी हातपाय धुवायच्या आधी काय म्हणावं? "आमच्या फुटाळ्याचं पाणी बरं हो यापेक्षा." झालं! सासूबाईंनी लगेच सुनेकडे बघून, "मी तेव्हाच म्हटलं होतं, टँकला हात लावू नका." कधी म्हटलं होतं विचारा. शनिवारी खडे धुताना पाइप धरून ह्याच उभ्या होत्या, मी गच्चीवरून पाहिलंय.

मग काय, ज्याच्या त्याच्या तोंडी उपाय. त्यांचे आजोबा म्हणाले, तुरटी फिरवा. पूर्वी पावसाळ्यात नर्मदेचं गढूळ पाणी यायचं तेव्हा रांजणात तुरटीच फिरवायचो म्हणे. खरंय त्यांचं. वॉटरवर्क्सलाही तुरटी वापरतात. पण तिथे मोजून घालतात, गाळ खाली बसू देतात, वाळूतून गाळतात, आणि मुख्य म्हणजे तिथे कुणी मासे सोडलेले नसतात. अंदाजाने फिरवलेल्या तुरटीने पाण्याची जात बदलते आणि सुटलेला गाळ जाऊन बसतो माशांच्या कल्ल्यांवर. मावसभाऊ निघाला ग्वारीघाटावरून कॅन भरून आणायला, नर्मदामाईचं पाणी घातलं की सगळं ठीक होईल म्हणून. श्रद्धा असावी हो, पण घाटावरच्या उघड्या पाण्याबरोबर माशांचे रोग आणि जळवासुद्धा येतात. आणि आपल्या नळाला येतं ते तरी कुठलं? लालपूरहून आलेलं नर्मदेचंच की. फक्त त्यात क्लोरीन असतं.

दुकानदाराचं तर विचारूच नका. "अरे बड्डे, टेन्सन मत लो," म्हणत त्याने तीन बाटल्या हातात ठेवल्या, निळी, पिवळी आणि पाण्यासारखी. ती निळी म्हणजे मिथिलीन ब्लू. बुरशी लागलेल्या माशाला वेगळ्या भांड्यात ठेवून देण्याचं औषध ते. अख्ख्या टँकमध्ये ओतलं तर उरलेसुरले चांगले जिवाणूही गारद. बावन्न तालांचं शहर म्हणवतो आपण, राणीताल राणी दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा, आधारताल दिवाणाचा असं पोरांना कौतुकाने सांगतो, आणि अडीच फुटी टँकचं पाणी आपल्याला सांभाळता येत नाही!

शेवटी आमच्या ह्यांना बोलावणं आलं. जीसीएफ कारखान्यातून रिटायर झाल्यापासून गल्लीत कुणाचंही काही बिघडलं की हेच. गेले, आणि आधी काय केलं सांगू? काही नाही. टँकमधलं पाणी एका काचेच्या ग्लासात भरलं आणि शोकेसवर ठेवून दिलं रात्रभर. विहीणबाईंना वाटलं असणार, हा काय माणूस आहे! सकाळी ग्लासाच्या तळाशी पांढरी पूड बसलेली, बोटाला लागेल एवढी. ती कपच्यांची, न धुता घातलेल्या. पण वरचं पाणी? ते तसंच दुधी. हे म्हणाले, पूड बसली तेवढा दोष दगडाचा, आणि जे खाली बसत नाही ते जिवंत आहे.

मलाही आधी कळलं नाही. मग समजावलं त्यांनी. माशांच्या घाणीतून अमोनिया सुटतो, तो विषारी. खड्यांना आणि स्पंजाला चिकटून काही जिवाणू राहतात, ते त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्रेट बरंच निरुपद्रवी. ती मंडळी कामसू पण सावकाश. दुप्पट व्हायला कित्येक तास, कधी दिवसभरही घेतात. आपल्या सूनबाईंनी साबण लावून नेमकी तीच वस्ती उठवली. उरलेसुरले होते त्यांना नळाच्या क्लोरीनने गाठलं. पाणी प्यायला निर्धोक राहावं म्हणून नळाशी लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरावं असं मानक आहे, ते आपल्याला चालतं, माशांच्या कल्ल्यांना नाही. मग जागा रिकामी पाहून दुसरेच जिवाणू माजले, पाण्यात तरंगणारे, अर्ध्या-एक तासात दुप्पट होणारे. ते पांढरं दिसतं ते हेच. त्यांच्यापायी माशांना धोका काय? पाण्यातला प्राणवायू तेच खातात. आधीच गरम पाण्यात तो कमी राहतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसातच. म्हणून मासे तोंड वर काढून भकाभका करत होते. सासूबाईंना वाटलं भूक लागली, त्यांनी मूठभर दाणे टाकले!

दगडाचं वेगळंच. ह्यांनी कपची चाकूने खरवडली, त्या पुडीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकले, बुडबुडे आले. म्हणजे पाण्यात हळूहळू विरघळणारा दगड. भेडाघाटच्या दगडात मॅग्नेशियम असतं, म्हणून अख्ख्या तुकड्यावर टाकलं तर फसफस फारशी दिसत नाही, माणूस फसतो. असा दगड पाण्याचा पीएच वर चढवतो. आणि पीएच 7 चा 8 झाला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. गोल्डफिशला एरवी जड पाणी चालतं हो, पण अमोनिया साचलेला असताना नाही.

मग इलाज सुरू केला. कपच्या बाहेर. हवेचा पंप रात्रंदिवस चालू. खाणं बंद. रोज चौथा हिस्सा पाणी काढायचं आणि तेवढंच घालायचं, तेही अँटीक्लोरिन टाकून. महाग काही नाही ते, पूर्वी फोटो स्टुडिओवाले वापरायचे तो हायपोच. आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट नाही घालायचं, नवतप्यात त्या पाण्याने चहा होईल. बादलीत भरून सावलीत निवू द्यायचं.

पण खरी गंमत पुढे. पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे जुना टँक आहे, मासेही धडधाकट. हे गेले आणि त्यांच्या फिल्टरचा मळका स्पंज डब्यात घालून घेऊन आले. दिवाणखान्यात सगळे उभे, विहीणबाई सोफ्यावर, आणि ह्यांनी तो स्पंज टँकमध्ये पिळला! तपकिरी लोंढाच उतरला. विहीणबाईंचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. एवढं धुऊन-पुसून जावयाने टँक सजवला आणि हा शेजारी येऊन त्यात कुणाच्या तरी घरची घाण पिळतोय. पण त्या घाणीतच तर कामसू मंडळी होती ना! ती आणली की नव्याने वस्ती बसायला जो महिनाभर लागतो तो बराच कमी होतो. स्पंज धुवायचाच झाला तर टँकमधूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा, हेही त्यांनी सुनेला दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "मी हेच म्हणत होते." म्हणोत बापड्या.

आता? आता मागची काच दिसायला लागलीय. एक मोली गेली, गोल्डफिश सगळे बरे आहेत, मुंजा मुलगा हसायला लागला. मला विचाराल तर चूक स्वच्छतेची नव्हतीच, सगळं एकाच दिवशी करण्याची होती. तुमच्या धाकट्याला टँक घ्यायचाय ना? मग सांगून ठेवा, खडे हलवायचे त्या आठवड्यात फिल्टरला हात लावायचा नाही, आणि पाणी कधीही सगळं काढायचं नाही. आणि महाशीर पाळीन म्हणाला तर आधीच नाही म्हणा. 2011 साली राज्यमासा केलाय आपल्याकडे, तो नर्मदेच्या वाहत्या पाण्यातच शोभतो.

बरं, मुंजीला तुम्हीही जाणार असालच. तिथे पोरंबाळं टँकभोवती जमतील, कुणी बुंदी टाकेल, कुणी भात. दिसलं तर हात धरा हो त्यांचा. मोठा गोल्डफिश आठवडाभर न खाता सहज काढतो.