निदर्शनास आले आहे

तळेगाव (श्यामजी पंत) इथे आर्वी-आष्टीकडचे रस्ते नागपूर-अमरावती महामार्गाला येऊन मिळतात. तिथल्या चहाच्या टपरीवर शनिवारी संध्याकाळी आमचे उपकुलसचिव हमखास भेटतात. विद्यापीठ कोणतं ते विचारू नका. वाचणाऱ्या प्रत्येकाला आपलंच वाटेल. गाव त्यांना 'सर' म्हणतं, पण शिकवणं सुटून त्यांना वीस वर्षं झाली.

सरांच्या वाक्यात कर्ता नसतो. हातातला कप कलंडला तरी "माझ्याकडून सांडला" असं ते म्हणणार नाहीत. "चहा सांडल्याचे निदर्शनास आले आहे," म्हणतील आणि तुमच्याकडे पाहतील. 'मी' हा शब्द ते फक्त रजेच्या अर्जात वापरतात.

मध्यंतरी सर तीन दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आले. विषय होता विद्यापीठ प्रशासकांमध्ये चिंतनशीलता वाढवण्याचा. येताना पिशवी, पेन आणि डोनाल्ड शॉन हे नाव घेऊन आले.

"शॉनने 1983 सालीच लिहून ठेवलंय," सरांनी टपरीवर सांगितलं. "जाणता माणूस काम करता करता विचार करतो, झाल्यावर पुन्हा करतो आणि पुढच्या वेळी बदलतो."

"हे तं आमचं रोजचंच हाये सर," टपरीवाला म्हणाला. "सकाळचा चहा कडू झाला, मंग आता पत्ती कमी टाकली."

"त्याची नोंद कुठे ठेवली?"

"जिभेवर."

सरांना हे पुराव्यात बसेना. त्यांनी आत्मचिंतनाचं प्रपत्र तयार केलं, तीन प्रतींत. रकाने चार: काय घडले, का घडले, जबाबदार कोण, शेरा. तिसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलेलं प्रपत्र अजून कोणी पाहिलेलं नाही.

त्याच वर्षी परीक्षेचे निकाल चार महिने लांबले. पोरांच्या पुढच्या प्रवेशाच्या तारखा उलटल्या, मोर्चा आला, समिती नेमली गेली. समितीने बिस्किटांसह सहा बैठका घेऊन निष्कर्ष काढला, 'सबब, संबंधितांनी आत्मचिंतन करावे.' सरांनी खाली लिहिलं, 'मान्य. संबंधितांकडे पाठवावे.' फाइल चार टेबलं फिरून तिसऱ्या दिवशी सरांच्याच पुढ्यात आली, कारण परीक्षेचं काम त्यांच्याकडेच होतं. सरांनी तिच्यावर 'पाहिले' असं लिहून सही केली. चिंतन संपलं.

मग गेल्या आश्विनात अमरावतीहून परतताना सरांची एसटी गुरुकुंज मोझरीला अडकली. तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 रोजी दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी गेले. पुण्यतिथी महोत्सवात त्याच घटकेला लाखो माणसं मौन पाळतात आणि महामार्गावरच्या गाड्याही जागच्या जागी थांबतात. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. शेजारचा शेतकरी हात जोडून उभा राहिला. सरांजवळ फाइल नव्हती, शिपाई नव्हता आणि फोनवर बोलायची सोय नव्हती. कैक वर्षांत पहिल्यांदाच ते स्वतःबरोबर एकटे सापडले.

टपरीवर आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. बराच वेळ कप तसाच हातात धरून बसले आणि हळूच म्हणाले, "मला..."

आम्ही चपापलो. टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला.

"मला वाटलं..."

"बोला न सर, काय वाटलं?"

"हे परिपत्रकात घेण्यासारखं आहे."

सोमवारी परिपत्रक निघालं. सर्व विभागप्रमुखांनी दररोज दुपारी 4.58 वाजता दोन मिनिटे आत्मचिंतन करावे; केल्याचा अहवाल ठीक 5 वाजता सादर करावा. पहिल्याच दिवशी सगळ्या विभागांचे अहवाल साडेचारला पोचले. सरांनी एकेकावर 'पाहिले' लिहून सही केली आणि पावणेपाचची गाडी पकडली.