परिस्थितीत बदल : रेल्वे आली

‘तू गेलास तर परत येशील कशावरून?’ हा प्रश्न जगात कुणालाही विचारावा, बीडच्या माणसाला विचारू नये. दरवर्षी दसरा झाला की या जिल्ह्यातले लाखो लोक ऊसतोडीला कोयता, भांडी आणि पोरं घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे, पार बेळगावपर्यंत निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की जसे गेले तसे परत येतात. परत येण्याचा एवढा दांडगा अनुभव दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याकडे असेल असं वाटत नाही. पण या अनुभवाचा दाखला कुठल्याच तहसीलमध्ये मिळत नाही. ऊसतोडीच्या मुकादमाला धाकधूक असते की आगाऊ उचल घेतलेला गडी येणारच नाही. व्हिजा देणाऱ्या साहेबाला धाकधूक असते की आलेला पाहुणा जाणारच नाही. आम्ही दोघांच्याही लेखी संशयितच.

आमच्या गल्लीतले एक गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. लेक न्यू जर्सीत, पहिलंच बाळंतपण. गुरुजी आणि त्यांच्या बाई अमेरिकेच्या व्हिजासाठी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबईला गेले. एक दिवस बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी मुलाखत. सोबत पिशवीभर कागद : सातबारा, पेन्शनचं पासबुक, लेकीचं पत्र, जावयाची पगारपत्रकं. खिडकीपलीकडच्या साहेबानं त्यातला एकही कागद मागितला नाही. कशाला जाताय, विचारलं. बाई म्हणाल्या, ‘लेकीच्या बाळंतपणाला.’ किती दिवस राहणार? बाईंनी खरं ते सांगितलं : ‘बाळ बसायला लागेपर्यंत.’

पासपोर्ट परत आला, सोबत एक छापील कागद. कलम २१४(ब).

हे कलम अमेरिकेच्या १९५२च्या कायद्यातलं. त्याचा आशय असा की पाहुणा म्हणून येऊ पाहणारा प्रत्येक जण मुळात कायमचं राहायलाच निघालाय असं धरून चालावं. तसं नाही हे पटवायची जबाबदारी त्याची. आपल्याकडे सासरी नव्या सुनेकडे याच नजरेनं पाहतात, त्यामुळे बाईंना त्यात फारसं नवल वाटलं नाही. या निर्णयावर अपील नाही. पुन्हा अर्ज मात्र कधीही करा, अगदी उद्या. फी नव्यानं : जून २०२३पासून माणशी १८५ डॉलर, दोघांचे मिळून तीस हजार रुपयांच्या वर. नकार आला तरी ती परत मिळत नाही. साहेबाला आमच्या परतण्याची एवढी काळजी, पण त्याच्याकडे गेलेला पैसा परतला पाहिजे असं काही त्याला वाटत नाही.

इतर देशांची तऱ्हा थोडीफार अशीच. ब्रिटनमध्ये घरच्यांना भेटायला जाणाऱ्याला नकाराविरुद्ध अपील करता यायचं. २०१३ साली तो हक्क जवळजवळ काढूनच घेतला. ऑस्ट्रेलियानं जरा आमच्या ओळखीचा मार्ग काढलाय : बोलावणाऱ्या नातेवाइकाकडून ते अनामत मागू शकतात. पाहुणा ठरल्याप्रमाणे परत गेला की अनामत परत. उलटी उचल म्हणा ना! हे कळल्यावर गल्लीतल्या एका माजी मुकादमानं ऑस्ट्रेलियाबद्दल पहिल्यांदाच आदरानं विचारपूस केली.

तर पुन्हा अर्ज. तो करताना सगळे एकच सांगतात : मागच्या वेळेपेक्षा परिस्थितीत काय बदल झाला, ते दाखवा. आता बीडमध्ये परिस्थितीत बदल दाखवायचा म्हणजे काय दाखवायचं? गुरुजींनी मास्तरकीच्या सवयीनं वहीत यादी केली. एक, रेल्वे आली. १९९५ साली मंजूर झालेल्या अहिल्यानगर-बीड-परळी मार्गावरची गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून सुटली. तीस वर्षं एका गाडीची वाट पाहणारी माणसं अशी कुठं पळून जाणार आहेत का, हा मुद्दा माझ्या मते बिनतोड होता. दोन, त्याच महिन्यात अतिवृष्टी झाली आणि सिंदफणेकाठच्या त्यांच्या रानातली माती वाहून गेली. बदल मोठाच, पण साहेबाला तो सांगावा की लपवावा, हे ठरेना.

मग सुभाष रोडच्या बाजूला झेरॉक्स, पॅनकार्ड आणि परदेश असं सगळं एकाच टेबलावर करणाऱ्या एका जाणकाराकडे आम्ही गेलो. तो म्हणाला, ‘गुरुजी, रानाचं मूल्यांकन करून घेऊ. विहीर बागायती दाखवू, आंबा-सीताफळ धरू.’ गुरुजी घुटमळले. त्याच विहिरीला पाणी नाही असं त्यांनी मागच्या दुष्काळात लिहून दिलं होतं. गावाची पैसेवारी पन्नासच्या आत, उत्पन्नाचा दाखला त्याहून आत, आणि सीएच्या सहीच्या कागदावर मात्र तेच रान कोट्यवधीचं. जिल्ह्यातल्या प्रत्येक शेताला असे दोन जन्म असतात : एक अनुदानासाठी, एक बाकीच्या जगासाठी. जाणकाराला यात वावगं काहीच दिसलं नाही. ‘अन् पाहुण्यांकडून पंधरा दिवसांपुरते दहा लाख खात्यात फिरवून घ्या. बाळंतपणाचं तर नावच काढू नका. नायगारा बघायचाय म्हणा.’

‘अन् कुणी इचारलं, नायगाऱ्यात काय बघायचंय?’ बाई म्हणाल्या.

‘पाणी.’

यावर बाई एवढंच म्हणाल्या की टँकरच्या गावातून आलेल्या बाईनं पाणी बघायला जाते म्हटलं तर ते एकवेळ खरं वाटेल.

गंमत बाजूला ठेवून सांगतो. कागद बघितलेच, तर अचानक भरलेलं खातं साहेबाला सगळ्यात आधी दिसतं. ब्रिटनसारखे देश तर पैसा आला कुठून तेही विचारतात. गुरुजींची दरमहा न चुकता जमा होणारी पेन्शन हाच त्यांचा सगळ्यात दणकट कागद होता आणि पहिल्या वेळी तो पिशवीत सर्वांत खाली राहिला. बाईंच्या उत्तरातही खोटं काही नव्हतं, फक्त तारीख नव्हती. बाळ कधी बसेल हे बाळ ठरवतं. साहेबाला परतीचा महिना लागतो. गुरुजींना धाकटा मुलगा आहे, बीडमध्येच दुकान चालवतो, त्याच्या घरी नव्वदीच्या आजी आहेत. हे पहिल्या अर्जाच्या वेळी कुणी विचारलं नाही, म्हणून यांनी सांगितलं नाही. आपल्याकडे विचारल्याशिवाय घरचं सांगणं बरं दिसत नाही. त्या खिडकीपुढे मात्र दोन-तीन मिनिटांत तेच आधी सांगावं लागतं.

दरम्यान बाळ झालं, बसलं आणि आता रांगतंय. म्हणजे परिस्थितीत खरा बदल झाला तो न्यू जर्सीत.

दुसरा अर्ज भरायला बसलेल्या सर्वांना एक विनंती. मागचा नकार लपवू नका. पूर्वी व्हिजा नाकारला होता का, हा प्रश्न अमेरिकेच्या डीएस-१६० अर्जात सरळ विचारलेला असतो आणि उत्तर त्यांच्याकडे आधीच नोंदवलेलं असतं. नकारानंतर कितीही वेळा अर्ज करता येतो. खोटा कागद किंवा खोटं उत्तर सापडलं तर अमेरिकेत कायमची बंदी येऊ शकते आणि ब्रिटनमध्ये दहा वर्षांची. झेरॉक्सवाल्या जाणकाराला ती लागू होत नाही.